कुंडी नको म्हणाले होते

रवि. २१ सप्टेंबर
आले: डायलिसिसच्या पाण्याच्या पिशव्या, खोकी ८ (दवाखान्याच्या अभ्यासातून, आपले पैसे नाहीत). टेम्पोवाल्याने दुसऱ्या मजल्यावर चढवायचे २०० घेतले, पावती मागितली तर हसला. मास्क पाकीट १२०. हात धुवायचं औषध २१०. घटाची काळी माती व पत्रावळ ९०. सात धान्यं ४०. नाडा, हळकुंडं, खारका ११०. अखंड दिव्याला तेल, डबा एक, ७८०.
खोकी देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावली. दुसरीकडे जागा कुठंय. तसाही तो कोपरा घरातला सगळ्यात स्वच्छ. तिथं चप्पल नाही, पारोसं माणूस नाही. पोटाच्या नळीतून पाणी कसं बदलायचं ते दवाखान्यात शिकवलं, तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या ईशूचं इथंच करायचं. दिवाळीनंतर सुरू केलं, दहा महिने झाले, एकदाही ताप नाही. देवीची कृपा. आणि माझे हात.
रात्रीचं पाणी: पोटात ९०० मिली, बाहेर १०५०. स्वच्छ. पिशवीमागे पेपर धरला, बारीक अक्षर वाचता आलं.

सोम. २२
देव्हाऱ्यासमोर घट बसले. सासूबाईंनी माती चाळली, धान्य पेरलं, पहिली माळ. दिव्यासाठी पंखा बंद. पाणी बदलतानाही पंखा बंदच लागतो, म्हणजे दोन्हीची सोय झाली.
सा. बा. घटाला पाणी घालत होत्या. ईशू बघत बसलेली. तिला दिवसाला मोजून तीन फुलपात्री. म्हणाली, "आजी, हिला कितीपण देतीस. हिच्या किडन्या चांगल्या असतील."
सा. बा. हसल्या, मग आत जाऊन डोळे पुसून आल्या. मी ईशूला दटावलं, देवीबद्दल असं बोलू नये. नऊ वर्षांची पोर. उगीच दटावलं.

गुरु. २५
शलाका मॅडमचा फोन. घरी डायलिसिस होणाऱ्या मुलांचं कसं चाललंय, हा अभ्यास त्याच करतात. नेहमीचे प्रश्न. संडास घरात की बाहेर. फरशी की कोबा. माणसं किती. पगार किती. दर महिन्याला तेच. फरशी काय महिन्याला बदलते? शाळेत ईशूला पळायला घेत नाहीत म्हणून बाईंनी तिच्या गळ्यात शिट्टी घातली, आता शर्यत तिच्या शिट्टीवर सुटते. ते कोणी विचारत नाही.
धान उगवलं. बोटभर.

शनि. २७
सकाळचं पाणी गढूळ. पेपर धरला, अक्षर दिसेना. पिशवीत ताकाची निवळ भरावी तसं. ईशू पोट धरून बसली.
हे चाकणला, फर्स्ट शिफ्ट. फोन लागेपर्यंत थांबले नाही. रिक्षा केली, गढूळ पिशवी बरोबर घेतली, तसंच शिकवलंय. भरती करून घेतलं. औषध पिशवीतूनच पोटात.
मोठे डॉक्टर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, घरी स्वच्छता नसणार, हिला मशीनवर घ्यावं लागेल. मशीन म्हणजे मानेत नळी, आठवड्यातून तीनदा इथं, चार-चार तास. म्हणजे शाळा गेली. शिट्टी गेली.
माझ्या फरशीवर ताट न घेता जेवून दाखवा, असं तोंडापर्यंत आलं होतं. ईशूकडे बघून गिळलं.

सोम. २९
शलाका मॅडम घर बघायला आल्या. ह्यांनी रजा टाकली, ते ईशूजवळ. मॅडमनी नळ बघितला, साबण बघितला, टॉवेल हुंगला. माझी नखं बघितली. सगळं ठीक म्हणाल्या. मग देव्हाऱ्याच्या कोपऱ्याशी थबकल्या.
"ताई, ही कुंडी इथं कधीपासून?"
घटाला कुंडी म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली. सा. बा. चहाचा कप हातात घेऊन तशाच उभ्या.
मॅडमनी समजावून सांगितलं. ओल्या मातीतले जंतू, बुरशी हवेत असतात. पिशवी जोडताना नळीचं तोंड उघडं असतं, तेवढ्यात आत जाऊ शकतात. तपासणीत जो जंतू सापडला तो मातीत असतो. घटामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण शिकवताना कुंडी नको असं सांगितलं होतं ना?
सांगितलं होतं. कुंडी नको, कुत्रं नको, मांजर नको. तुळस मी त्याच दिवशी खाली घरमालकिणीच्या दारात नेऊन ठेवली. पण घटाला कुंडी कोण समजेल. मी त्याला हात जोडते.
विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी घट बसतात का?"
"बसतात."
"मग तुमच्या तरी कुठं लक्षात आलं?"
म्हणाल्या, आमचं शिकवायचं पुस्तक बाहेरचं आहे, त्यात कुंडीच आहे. पुस्तक बाहेरचं, पण पोर तर इथलं. एवढी घरं हिंडल्या, भिंती मोजल्या, आणि नवरात्र दर वर्षी येतं हे एवढ्या शिकलेल्यांत एकालाही आठवू नये.
जाताना सांगून गेल्या, घट आज या खोलीतून हलला नाही तर मशीनचं ज्या मीटिंगमध्ये ठरणार तिथं मला तुमच्या बाजूने बोलता येणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बसलेला घट हलवत नसतात. लहानपणापासून हेच ऐकलं. दिवेलागण होईपर्यंत दोघी नुसत्या बसून. मी पत्रावळीला हात लावला आणि काढून घेतला. ह्यांना फोन केला, तर तुम्ही दोघी काय ते ठरवा. बरंय त्यांचं.
शेवटी सा. बा.नी पदर खोचला. "तू सर तिकडं. तुला लेकरू सांभाळायचंय. म्या म्हातारी हाय, कोपली तर माझ्यावर कोपंल."
दोन्ही हातांनी उचलला आणि गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीमागे. मी मागून दिवा घेऊन, हाताच्या आडोशाने. विझला नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोवती लावला. सा. बा. तिथंच बसून राहिल्या. खिचडी वर नेऊन दिली. वर गेले तेव्हा देवीशी बोलत होत्या.
खोली भिंतीसकट पुसून काढली. पुसताना रडू आलं, पण दुःखाचं नव्हतं ते. रागाचं.

बुध. १ ऑक्टोबर
मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन आले. ईशूच्या पायाशी उभं राहून त्यांना सांगितलं, कारण घरातली अस्वच्छता, आई दहावी. पोरं लिहायला लागली.
मी उठले. म्हटलं, "सर, दहावी पास आहे. आणि अस्वच्छता नव्हती, घट होता."
"तेच ते."
तेच ते नाही. अस्वच्छता म्हणजे मी काम केलं नाही. घट म्हणजे तुम्ही सांगितलं नाही. पण हे सुचेपर्यंत ते तिसऱ्या खाटेवर गेले होते.
शेजारच्या खाटेवर खेडकडचा एक मुलगा, त्याचंही घरी पोटातूनच चालतं. त्याची आई हळूच म्हणाली, "ताई, आमच्यात बी घट बसलाय. तिथंच, त्याच खोलीत."
म्हटलं, आत्ता फोन कर. तिने सासूला लावला. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. ही नुसतं व्हय आत्या, न्हाई आत्या, पण उचला म्हंजे उचला, असं म्हणत राहिली. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, आता दसऱ्याला माहेरीच जावं लागतंय मला.
एकीला मी सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार?

गुरु. २, दसरा
सा. बा. धानाचा तुरा घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या. आत आणायचा नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. काचेबाहेर उभ्या राहून स्वतःच्या कानावर खोवला. ईशूने खूण केली, मला? त्यांनी खुणेनेच सांगितलं, घरी आल्यावर.
ईशू म्हणाली, यंदा केवढं हिरवं आलंय, दर वर्षी पिवळं असतं. गच्चीवर ऊन मिळालं ना देवीला.
दुपारचं पाणी: पेपरातला मथळा दिसला. बारीक अक्षर नाही.

रवि. ५
बारीक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं, भाजीपाल्याचे भाव होते. आत ९००, बाहेर १०२०. ताप नाही.
शलाका मॅडमना फोन. मीटिंग अजून व्हायची आहे. सर मशीनच म्हणतायत. मी बोलेन. कागदावरचा अस्वच्छता हा शब्द बदलायचं बघते, म्हणाल्या. लेखी द्याल का विचारलं, तर मॅडमना दुसरा फोन आला.
घरी आले तर टेम्पोवाला दारात. उरलेली खोकी परत न्यायची म्हणे, वरून सांगितलंय. ठरलं काहीच नाही आणि खोकी न्यायला माणूस हजर. सा. बा. खोक्यांवर बसल्या. म्हणाल्या, मला उचलून ने आधी. चढवायला दोनशे घेतलेस, माझे किती घेशील? तो गेला.

मंगळ. ७
पत्र टाकलं. नक्कल इथं ठेवते.

शलाका मॅडमना सा. न.
ईश्वरीचं पाणी तीन दिवस स्वच्छ आहे. तुम्ही येऊन गेलात त्याच दिवशी घट हलवला. देवीसमोर आम्हाला काय वाटलं ते तुम्हाला कळेल, तुमच्याकडेही बसतात.
तुमच्या कागदावर आमच्या घराला अस्वच्छ लिहिलं आहे. ते खोडा आणि जे होतं ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून नव्हे. अस्वच्छ वाचून पुढची आई फरशी घासत बसेल आणि घट तिथंच राहील. शिकवताना कुंडी म्हणता, तिथं घट हा एक शब्द वाढवा. पुढच्या नवरात्राला वर्ष आहे, तेवढ्यात होण्यासारखं आहे. तुमची चूक काढायची म्हणून लिहीत नाही. चूक माझीही झाली. पण माझ्या चुकीला पोरीची शाळा जाते आणि तुमच्या चुकीला काहीच जात नाही, हे मला पटत नाही.
मशीनवर घ्यायचं कारण जंतू असेल तर मी मान खाली घालीन. आमची खोली आणि माझी दहावी असेल तर तसं सहीनिशी लिहा.
शाळेच्या बाई विचारतात, शिट्टी दुसऱ्या मुलीला देऊ का. मी थांबा म्हटलंय. किती थांबा ते मला सांगता येत नाही.
फोन नको. फोनवर बोललेलं मागाहून कोणाला आठवत नाही. तिकीट लावून, आमचा पत्ता घालून पाकीट सोबत ठेवलंय. ईश्वरी घरी येणार की नाही, तेवढी एक ओळ उलट टपाली पाठवा.