चार भोकं

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. बावीस वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी घरची खबरबात. दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. हिचे गुडघे कुरकुरतात, ही स्वतः त्याहून जास्त. बाबांची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली. जेवण कालपर्यंत नीट होतं.

तू येणार असं वहिनींनी फोनवर सांगितलं, म्हणून मी बाबांची जुनी रायफल हातात घेतली. नळी जिथे बसते त्या पोलादी भागावर, रिसिव्हरवर, दुर्बीण लावायला पाडलेली स्क्रूची चार भोकं तू विसरला नसशील. तू दारात पाऊल टाकायच्या आत ती नाहीशी करायची होती.

मला कुणी शिकवलेलं नाही, पण असं काम दुसऱ्या कुणी करून दाखवावं. भलतं पोलाद घातलं असतं तर रंग दिल्यावर ठिपके उठून दिसले असते. म्हणून त्याच बनावटीच्या, मोडीत निघालेल्या रायफलीच्या तुकड्यातून चार स्क्रू कातले. घट्ट पिळले, डोकी कापली, कानस मारली, पॉलिश पेपरने सपाट केलं, वर निळा-काळा रंग चढवला. तिसरं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर डावीकडे होतं. तेही गेलं. भिंगातूनसुद्धा सापडत नाही.

बाबा रोज चहानंतर ती मांडीवर घेऊन बसतात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. काल दिली. त्यांचा अंगठा रिसिव्हरवरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"ही माझी नाही," म्हणाले.

मी म्हटलं, तुमचीच आहे, भोकं तेवढी बुजवलीत. मग म्हणाले, "थोरल्याचं एवढंच राहिलं होतं रे माझ्याकडे."

रायफल त्यांनी माझ्या हातात परत दिली. तेव्हापासून ताट तसंच परत येतंय.

पुन्हा पाडावीत म्हणून आज ती ड्रिलखाली बांधलीसुद्धा. पण तिसरं भोक नेमकं तेवढंच वाकडं पाडता येणार नाही. बावीस वर्षांपूर्वी ते वाकडं गेलं, कारण माझा हात थरथरत होता. बाबांना वाढदिवसाला चकित करायचं होतं, आणि मला काही येत नव्हतं. आता हात थरथरत नाही.

रायफल बिघडली आणि ड्रिल तुझं, म्हणून बाबांनी तुला घराबाहेर काढलं. "मी नाही पाडली," एवढंच तू म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. मी खाली मान घालून कानस घासत राहिलो.

सगळं सांगावं म्हणून दुपारी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. पण इतकी वर्षं ज्यावर अंगठा फिरवला, ती खूण थोरल्याची नव्हतीच, हे कळल्यावर त्या माणसाकडे काय उरेल? तसाच मागे फिरलो. आताही भित्राच निघालो.

तू ये. वाट बघायला त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. सांगायचं की नाही ते तूच ठरव. रायफल माझ्या टेबलावर पडून आहे. काम निर्दोष झालंय, दादा. कुठेही काही लागत नाही हाताला.

भोकं पाडणारा आणि बुजवणारा,
तुझा धाकटा