मागे बसायला माणूस

झरी, २० ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हल्ली तुझा आवाज बसलेला असतो, म्हणून पत्रच बरं. तसंही जन्मभर पोस्टात शिक्के मारलेल्या भावाला नुसता फोन करणं शोभत नाही.

छोटा ट्रॅक्टर आला, ओझं उचलायला त्याला पुढे लोडरही बसवला. आता ओढ्याकाठच्या तीन एकरांतली वेडी बाभूळ काढायची. तू निवृत्त झालास की दोघांनी मिळून ते रान साफ करायचं आणि मोसंबी लावायची, हे बाबा गेले तेव्हाच आपलं ठरलंय. उपटलेली झुडपं ओढून ओढून माझ्या हातांची चाळणी झाली आहे. पंचफुला सुईनं काटे काढते आणि दर काट्याला नवऱ्याचा उद्धार करते. म्हणून उन्हाळ्यापर्यंत लोडरला पंजा घ्यायचाय.

परभणीला हरिओमच्या दुकानात दोन पाहिले. मोठ्याला दोन जबडे, तो अख्खं झुडूप मुळासकट कवळतो. पण त्याचं स्वतःचंच वजन पावणेदोनशे किलो. लहान निम्म्या वजनाचा, एका जबड्याचा, घासही लहानच. मोठ्यानं ओझं उचललं की ट्रॅक्टरचं बूड हलकं होतं आणि मागची चाकं जमीन सोडतात. हरिओम म्हणे, मागं लोखंडी वजन लावा, न्हाईतर ट्रॅक्टर नाक घासंल. मी म्हटलं, आमच्या घरचं वजन हाय की, नाशकात नोकरीला हाय! पाळी घालताना वखर खोल लागावा म्हणून बाबा त्यावर दगडाऐवजी तुलाच बसवायचे, ते मी त्याला रंगवून सांगितलं. दुकानभर हसले.

तर कोणता घेऊ, ते कळव. वहिनींना नमस्कार. लोभ तुझ्या पोटासारखाच वाढता असावा.

तुझा,
गोपाळ

नाशिक, ५ नोव्हेंबर २०२४

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला येता आलं नाही, रजाच मिळाली नाही. कावेरीनं केलेल्या करंज्या मलाच संपवाव्या लागल्या. तेव्हा वखरावरचा दगड आता शहाऐंशी किलोचा झाला आहे, हे हरिओमला सांग.

मोठाच पंजा घे. मी असताना लोखंड कशाला विकत घेतोस? मागे बसायला पक्की जागा करून घे, म्हणजे झालं. एप्रिलअखेर निवृत्त होतो आणि मे लागला की कायमचा झरीला येतो. तुझी वहिनी म्हणते, दोघांना मिळून एक अक्कल नाही, माणूस म्हणजे काय वजन आहे का, पडला तर चाकाखाली जाईल. तिचंही खरं आहे, पण तिच्यापुढे आपण कबूल करायचं नाही.

घसा धरला आहे, औषध चालू आहे. पंचफुलास आशीर्वाद. माया आहे, ती लिहून दाखवायची गरज नाही.

तुझा,
दादा

नाशिक, ३ एप्रिल २०२५

चि. गोपाळ यास आशीर्वाद.

पंजाचा पुन्हा विचार केला. लहानच घे. मोठ्यानं पुढचे टायर लवकर झिजतील, हायड्रॉलिकवरही ताण येईल. झुडूप एका घासाऐवजी तीन घासांत निघेल, एवढाच फरक. लहान्याला मागे वजन लागत नाही, हे मात्र हरिओमला दोनदा विचारून घे. आणि मागे कुणालाही बसवू नकोस. कुणालाही.

मे महिन्यात येणं जमेलसं दिसत नाही. माझ्यासाठी काम अडवू नकोस.

दादा

झरी, १० एप्रिल २०२५

दादास नमस्कार.

मोठ्या पंजाचा इसार देऊन बसलोय. बालाजी वेल्डरकडून मागची बैठक तुझ्या मापानं करून घेतली, पाय टेकायला पट्टीसुद्धा लावली. आणि आता तुला टायरची काळजी! नाशकातला फ्लॅट सुटत नाही, असं सरळ लिहायचं होतंस. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मीच होतो, रान मीच राखलं, बाभूळही मीच काढीन. तुझ्या जागी पंचफुलाला बसवीन. तुझ्या भरवशावर पंजा निवडला, चूक माझीच.

पुन्हा पत्र टाकू नकोस.

गोपाळ

नाशिक, १६ एप्रिल २०२५

चि. गोपाळभावजींस अ. आ.

यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते आहे. यांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. डिसेंबरात कळलं. तुम्ही शेत टाकून इथे येऊन बसाल, म्हणून सांगू दिलं नाही. आता पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागतं.

मार्चअखेर दवाखान्यात वजन केलं, एकोणपन्नास भरलं. काट्याकडे बघत म्हणाले, आता गोपाळला मी पुरायचा न्हाई. घरी येऊन ते टायरचं पत्र लिहिलं. त्यातली कारणं सगळी रचलेली होती. आपण नसलो तर तुम्ही पंचफुलाला मागे बसवाल, ही एकच भीती खरी होती, आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलंत.

तुमचं पत्र वाचून आधी म्हणाले, चिडलाय, म्हणजे तब्येत चांगली हाय त्याची. मग भिंतीकडे तोंड करून रडले. बत्तीस वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. तुम्हाला रागावून लिहीत नाही, भावजी. तुम्हाला कुठे माहीत होतं? पण आता माहीत असू द्या.

तुमची,
कावेरीवहिनी

झरी, २१ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादास,
पायांवर डोकं ठेवून शि. सा. न.

वहिनींचं पत्र पंचफुलानं वाचून दाखवलं, मला अर्ध्यापासून अक्षरच दिसेना. तुला काय काय लिहून बसलो मी! माझी जीभ झडायला हवी होती.

परभणीला जाऊन मोठा पंजा रद्द केला, लहान आणला. हरिओमला सगळं सांगितलं. तो बिचारा स्वतः येऊन पंजा बसवून देऊन गेला. काल आधीच उपटून ठेवलेली झुडपं उचलून पाहिली. दर वेळी खाली उतरून मागची चाकं तपासली, जमीन धरून आहेत. पंचफुलाला बसवणार नाही, तिच्या गळ्याशपथ. बैठकही काढून टाकली.

ट्रॅक्टरला मागे कुणी नको, दादा. मला पाहिजे. शनिवारी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. बांधावर लिंबाखाली खाट टाकतो, तू नुसता पडून बघ. तू आल्याशिवाय त्या रानाला मी हात लावणार नाही.

तुझा,
गोपाळ

नाशिक, २४ एप्रिल २०२५

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे, कावेरी लिहिते आहे.

शनिवारी ये, पण मला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. एवढा लांबचा प्रवास आता या अंगाला सोसायचा नाही. दोन दिवस राहा. पंचफुलालाही आण.

तुझं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. राग केव्हाच धरला नव्हता. तुझ्याबरोबर रानात राबायचं मनात फार होतं, ते राहिलं. याचं मला फार वाईट वाटतं, गोपाळ. पण रान तसंच ठेवायचं नाही. इथून गेलास की काम सुरू कर, पावसाच्या आत बाभूळ निघाली पाहिजे. मोसंबीचे खड्डे अठरा फुटांवर घे, जवळ घेऊ नकोस.

आणि ट्रॅक्टर मागे घेताना मान वळवून बघत जा. तुला ती सवय नाही. बैलगाडी असल्यापासून मागे मी उभा असायचो, ओरडून सांगायचो. आता तुझं तुलाच बघावं लागेल.

तुझा,
दादा