वावरातल्या दगडाला शेंदूर

३ मार्च, लोणी
कांदा निघाला. बबन ट्रॅक्टर घेऊन आला आणि रेल्वेच्या दगडापाशी थांबला. मोजणीवाल्यांनी आमच्या खालच्या वावरात रोवलेला. ‘इथं स्टेशन,’ असं सांगून गेले होते. नांगरात उपटला जाऊ नये म्हणून सुमनने तेव्हाच त्याला शेंदूर फासला. बायको माझी हुशार. बबन उतरून पाया पडला, वळसा घालून नांगरत गेला. वर मलाच, “भाऊ, तुमच्या देवाची गाडी कवा यायची?”

९ मार्च
लेकाचा, निलेशचा फोन. तळेगावला भाड्याने राहतो, लोकलने पुण्याला नोकरीवर. आईला नेहमीचंच: “आपल्याकडं लोकल सुरू झाली की घरूनच जाईन.” या एका वाक्यावर सुमनने माडीची खोली बांधून घेतली. गादीवरचं प्लास्टिक अजून तसंच.

२१ मार्च
मार्ग बदलला. गाडी आमच्याकडून नाही. बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात. मीही उपसंपादक असताना अशा बातम्या कोपऱ्यातच टाकायचो. सुमनला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता म्हणाली, “पेपरवाल्यांचं काय खरं असतंय?”
मला!

५ एप्रिल, तळेगाव
निलेशने फ्लॅट घेतला. गेल्या आठवड्यात कळवलं, आज वास्तुशांत. गॅलरीतून स्टेशन दिसतं, इंग्रजांच्या वेळचं, दगडी. सूनबाई कौतुकाने सांगत होती, “आई, खाली उतरलं की लोकल!” तेवढ्यात एक आली. माणसं उतरली, चढली, गेली. सुमन कठडा धरून बघत होती.
“एवढीशीच व्हय? आन् हिच्यापायी आमी...”
निलेश मागेच उभा होता. आत जाऊन पंख्याचं बटण चालू-बंद करत बसला.


१२ एप्रिल, लोणी
माडीच्या खोलीत कांद्याचं बी वाळत घातलंय. पलंगावरच.
दगड काढायला बबनला बोलावलं. “मी न्हाई हात लावणार, राव. लई जणांनी नारळ फोडल्यात. पोरं परीक्षेला जाताना पाया पडत्यात. तुमचा देव, तुमीच काढा.”
पहार घेऊन गेलो. सुमन बांधावर येऊन उभी राहिली.
पहार तशीच घरी आणली.

२ मे
निलेश फोनवर, दबक्या आवाजात: “दादा, जुन्या मार्गाची परत मोजणी होणार म्हणतात.” म्हटलं, झाली तर? तू येणारेस का? तो म्हणाला, “आईला एवढ्यात सांगू नका.”
नाही सांगितलं.

४ मे
सकाळी वावरात गेलो. दगडावर ताजा शेंदूर. तेल अजून ओघळत होतं.
घरी आलो. कांद्याचं बी ओसरीत आणून ठेवलेलं. सुमन माडीवर झाडत होती.
कुणी सांगितलं, हे विचारायला जिन्यापर्यंत गेलो, तिथूनच मागे फिरलो.