निर्भय नजर

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठा माणूस झाल्यावर मागचं आठवत बसायला वेळ मिळत नाही.

काल पुरवणीच्या संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कोणत्या सिनेमाने तुमची सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडवली, असं त्यांनी वाचकांना विचारलं होतं. दोनशे पत्रं आली. त्यातले पहिले पाच सिनेमे मी पाहायचे, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधून. ज्याला नाडी सगळ्यात वर जाईल, तो पहिला. लेख जमला तर दर रविवारी सिनेमाचं सदर माझं, फोटोसकट! अकरा वर्षं हवामान आणि शब्दकोडं केलं. बास झालं.

तुम्ही घाबरत नाही ना, असं बाईंनी विचारलं. मी नुसता हसलो. तेवढ्यात मागचं कपाट आपोआप उघडलं आणि मी बाईंच्या टेबलाच्या बाजूला गेलो, पण तो कपाटाचा दोष.

सदराचं नाव ठरलं: 'निर्भय नजर'.

मंगळवार, रात्रीचं जेवण झाल्यावर
हिने हॉस्पिटलमधून घड्याळ आणून दिलं. ही नर्स आहे. म्हणाली, झुरळ दिसलं की खुर्चीवर कोण चढतं, तेही लिही लेखात. उंचावरून नीट दिसतं, हे हिला कोण समजावणार.

बुधवार, ५ मार्च. सकाळी १०.४०
सिनेमा पहिला, तळघराचा. पडदे उघडे, सगळे दिवे चालू, आवाज बंद. शास्त्रीय पद्धत. नाडी १५१. अजून फक्त नावं चालली होती. घड्याळाचा पट्टा सैल असावा.

शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. आवाज का बंद, म्हणाल्या, आणि रिमोटच घेतला. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. पाऊण तास पीत होतो.

बुधवार, दुपारी १
विचार केला. निरीक्षकाने स्वतःच्या नाडीवर विश्वास ठेवणं चूक. घड्याळ सासूबाईंना बांधलं आणि तळघराचा सिनेमा पहिल्यापासून लावून दिला. नाडी शेवटी घरातलीच. मी स्वयंपाकघरातून देखरेख करणार.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी १२.३०
सकाळपासून दोन उरकले, आरशाचा आणि लिफ्टचा. मधे सासूबाईंची हाक, अहो जावईबापू, या ना, काही नाही हो, नुसतं डोकं उलटं झालंय तिचं. मी म्हटलं, दूध उतू जातंय. दूध फ्रीजमध्ये होतं.

त्यांच्या मते भुताला कामधंदा नाही, नाहीतर एवढा वेळ जिन्यावर कोण उभं राहतं? आणि तळघरात जाणाऱ्या त्या मुलीला आईने दिवा लावायला शिकवलं नव्हतं का? सगळं वहीत टिपून घेतलं. लेखात शोभून दिसेल, माझ्या तोंडी.

तिन्ही सिनेमांना नाडी ६८. क्रम कसा लावायचा?

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ११.५०
युरेका! चौथ्याला ६८, पण पाचव्याला, बाहुलीच्या सिनेमाला, चक्क १३१! बरोबर ११ वाजून ३२ मिनिटांनी. कुकरची शिट्टी झाली तेव्हाच. शिट्टीने माझ्या हातून वरणाचं भांडं सुटलं आणि तोंडून थोडा आवाज निघाला. ही झोपेतून उठून धावत आली. रात्रपाळी करून आली होती, फार बोलली.

असो. विजेता मिळाला.

शनिवार, ८ मार्च
लेख दिला. 'बाहुली वळून पाहते तेव्हा माझी निर्भय नाडीही १३१ वर गेली.' वाक्य वाचून माझ्याच अंगावर काटा आला. संध्याकाळी फोटो काढून घेतला. तीन पोझ, एक हनुवटीवर हात ठेवून.

सोमवार, १० मार्च. दुपारी ४
संपादकबाईंनी सकाळी घरी फोन केला. बाहुली नक्की कधी वळते, एवढंच विचारायचं होतं. मी अंघोळीला. फोन सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, बाहुलीचं काय घेऊन बसलात, ती बिचारी गोड आहे, माझा जीव गेला तो जावयाच्या किंकाळीने, पाच सिनेमांत तेवढंच काय ते भीतीदायक.

मी अंघोळ करून, कपडे करून, चहा घेऊन आलो तरी दोघी बोलतच होत्या. मधूनमधून हसत होत्या.

ऑफिसात बाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाल्या, सदराचं नाव छान आहे, नाव ठेवू या.

रविवार, १६ मार्च. सकाळी ८
'निर्भय नजर' छापून आलं. फोटो सासूबाईंचा. हनुवटीवर हात. पोझ माझी आहे, हे घरात कोणी मान्य करत नाही.

मी हवामानावर परत. शिवाय सासूबाईंना टायपिंग येत नाही, म्हणून तेही माझ्याकडे. त्या आत सिनेमा बघत सांगणार, मी बंद दाराबाहेर बसून टाइप करणार. कामाची योग्य वाटणी.

रविवार, सकाळी ११
काम सुरू. दार घट्ट बंद. घड्याळ परत माझ्या हाताला, वेळ बघण्यापुरतं.

१४८. बिघडलंय. उद्या हिला सांगून बदलून घ्यायचं.