वळणाआधी पाय हलका

आई, आज रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मांजर्लीच्या खोलीत स्टुलावर बसून मी गाडी चालवत होतो. खरी नाही, जुन्या कॉम्प्युटरवरचा रॅलीचा खेळ. टेबलाला स्टीअरिंग आवळलेलं, पायाखाली दोन पेडल. एकोणीस वेळा तोच घाट उतरलो आणि अठरा वेळा दरीत गेलो. तरी मजा आली. का आली ते कळेना, म्हणून खेळ थांबवून तुला लिहायला बसलो.

या खेळात धड रस्ताच नसतो. चिखल, खडी, मध्येच ओढा. शर्यत असून शेजारी दुसरी गाडी नसते. आपली गाडी एकटीच, घड्याळाशी झुंजायचं. खेळातला बाजूच्या सीटवरचा माणूस पुढचं वळण आधीच सांगत राहतो. पावसाळ्यात आमच्या गल्लीतून सायकल काढायची म्हटलं तरी मी उतरून हातात धरून नेतो, मग हाच चिखल पडद्यावर गोड का लागतो? आधी वाटलं, पडलं तरी लागत नाही म्हणून. पण तसं असतं तर तळहाताला घाम का सुटावा?

कदाचित ते पायामुळे असेल. खडीवर गाडी घसरते, म्हणून वेग वळणाआधी कमी करावा लागतो. वळणात शिरून ब्रेक दाबला की गेलोच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप हलका झाला. मग आठवलं. कॅम्प तीनमधला जीन्सचा कारखाना, मी मशीनवर बसलोय आणि तू मागे उभी आहेस. नववी नापास होऊन घरी बसलो म्हणून तू मला सोबत आणलं आहेस. खिशाची गोलाई शिवायची आहे. मी पाय दाबतो आणि सुई तुटते.

"वळण दिसलं की पाय हलका कर, वळणात शिरल्यावर नाय," तू म्हणतेस. "मशीनला घाई नाय, तुलाच आहे."

शेजारच्या मशीनवरची मावशी हसते. "याला विमानावर बसव गं. इथे धावपट्टी कमी पडते."

तीन सुया तुटल्या, असं तू सेठला सांगितलंस आणि तुझ्या मजुरीतून भरून दिल्यास.

खेळात टप्पा संपला की पडद्यावर यादी येते. बंपर गेला, दिवा फुटला, डावं चाक वाकलं. लपवता काही येत नाही, आणि कोणी ओरडतही नाही. थोडंफार दुरुस्त करायचं आणि त्याच वाकड्या गाडीने पुढचा टप्पा चालवायचा. मला वाटतं, मला ही यादीच सगळ्यात जास्त आवडते. हे बरं की वाईट, ते ठरवता येत नाही.

कारण गुरुवारी त्याच कारखान्यात, जिथे मी अजून कामाला आहे, सेठचा टेम्पो फाटकातून मागे घेताना माझ्याकडून डावा आरसा फुटला. कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी सेठने माल चढवणाऱ्या काकांना विचारलं, "क्या काका, शीशे पे गठ्ठा मारा?"

"नाय सेठ, मी कशाला मारीन?"

"तो शीशा खुद रूठ के गिरा?"

आरशाचे पैसे आता काकांच्या पगारातून कापणार आहेत. मी तिथेच उभा होतो, मालाच्या चलनाच्या कागदाची घडी नीट करत.

तू गेल्याला अकरा वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. तरी दोनदा वाचून चुका काढल्या. एक राहिली होती ती लिहितो. त्या दिवशी सुया चार तुटल्या होत्या. चौथीचे तुकडे मी मावशीच्या मशीनखाली सरकवले. सेठ तिच्यावर चिडला आणि तू तिच्या बाजूने भांडलीस. मी धागा ओवत बसलो होतो.

सुया चार, सांगितल्या तीन. आरसा एक. उद्या कारखाना नऊला उघडतो, पगार अकराला वाटतात, काकांचे पैसे तेव्हाच कापतील. वळणाआधी दोन तास आहेत.