डोळे शेवटी

१२ नोव्हेंबर

बायडाने आज दार उघडलं नाही. दूध घेऊन आलो, तर आतून कडी. फटीतून बघत म्हणाली, "कोण पायजे?"

"अगं, मीच."

"मालक घरात न्हाईत. मागनं या."

आपल्याच दारात उभा! आधी नाव विसरायची, गॅस विसरायची. माणूस विसरण्यापर्यंत आलं. शेवटी सुचलं ते बोललो — पेंटर आहे, फोटो रंगवायला आलोय.

कडी निघाली. "या पावणं," म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मालक गेलं. त्यांचाच करायचाय."

१३ नोव्हेंबर

जन्मभर गेलेल्यांची चित्रं रंगवली. तेराव्याच्या आत लोक येतात, हातात आधारकार्डावरचा फोटो. तोही नसला की मी विचारतो — कुणासारखे दिसायचे? भावाचं नाक, लेकीची हनुवटी, असं जमवत जातो. डोळे शेवटी. आमच्या वस्तादांची शिस्त. डोळे झाले की काम संपलं.

तिलाही विचारलं. सवयीने.

"कुणासारखंच न्हाईत."

लग्नातला फोटो पुढे केला. "हे पोरगं कुणाचं?"

गेल्या दिवाळीतला दाखवला. "हे तर तुमीच की!" आणि हसली. किती दिवसांनी हसली.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेक अनुजा आली, बावड्याहून, डबा घेऊन. "आण्णा, हे काय चालवलंय? खरं सांगा आईला."

तूच सांग, म्हटलं.

तिने सांगितलं. बायडा पदर ओढून भिंतीला टेकली. घाबरली. "पावणं, ह्या बाईला काय झालंय?"

मग तिचं तोंड निरखत राहिली. "कपाळ मात्र हिच्यावानी होतं बघा."

अनुजाला उजेडात बसवलं. कपाळ काढलं. ती हलली नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी. माझ्या हातात ब्रश होता. उठून पुसावं, हे सुचलंच नाही.

१९ नोव्हेंबर

"कानाला रंग लागलेला असायचा त्यांच्या. हिरवा, न्हाईतर निळा. कान चोळायची खोड."

मी मान वळवून कान दाखवला.

"तुमच्याबी लागलाय. पुसा."

खाली नाव काय घालू, विचारलं. वाटलं, नाव तरी—

"मालकांचं नाव घेऊ व्हय मी? भायेर पाटीवर हाय, वाचा."

बाहेर गेलो. आपल्याच दुकानाची पाटी वाचून आलो.

२२ नोव्हेंबर

चेहरा झाला. डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्यात. का, ते इथे तरी लिहावं. काम संपलं की पेंटर जातो. तोवर या घरात मला चहा मिळतो. पुढच्या खोलीत चित्राशेजारी झोपू देते. सकाळी विचारते, "पावणं, लागली का झोप?"

कुंकू अजून लावते. का, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही.

२४ नोव्हेंबर

पेठेचा फुटबॉल संघ हरला. गल्ली गप्प. मीही ब्रश धरला नाही.

२६ नोव्हेंबर

जेवत नाही! काल नाही, आज नाही. ताट वाढते, चित्रासमोर ठेवते, परत उचलते.

"मी जेवताना ते समोर बसायचे. बघत. आता त्यांना दिसत न्हाई. कशी जेवू?"

मी जाऊन समोर बसलो.

"तुमी नगा बसू हितं. परका माणूस."

उठलो.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी सलाईन लावलं. तिने ओढून काढलं. हातावर काळंनिळं. अनुजा फोनवर ओरडली, "आण्णा, काढा ते डोळे! कशाची वाट बघताय?"



२९ नोव्हेंबर

आरसा समोर ठेवून डोळे काढले. ती मागे येऊन उभी राहिली. "हे न्हवं. हे भ्यालेलं हाय."

पुसले. पुन्हा काढले. पुन्हा नाही. मग विचारलं, ते कुठे बघायचे?

"माझ्याकडं. आनि कुठं?"

आरसा पालथा घातला. तिला खिडकीशी बसवलं. किती वाळली आहे! गळ्यातली माळ कुठल्या कुठे उतरलेली. तिच्याकडे बघत डोळे काढले. एवढा वेळ तिने मला बघू दिलं — कामासाठी.

ती उठून चित्रासमोर आली. मग म्हणाली, "व्हय."

भाकरी कुसकरून आमटीत घातली आणि चित्रासमोर बसून जेवली. सगळं जेवली. मी दारातून पाहिलं.

३० नोव्हेंबर

सकाळी माझ्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेल्या.

"झालं न्हवं काम, पावणं? जावा आता. घरात बायको वाट बघत असंल."