निळ्या बाईचं चित्र

आचोळे, नालासोपारा

तीर्थरूप बाबांना विनिताचा नमस्कार,

मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

शाळेने चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला. म्हणून दर रविवारी मी आमच्या गच्चीवर मुलांना मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवते. या रविवारी सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. मी मुलांना घरी जायला सांगितलं. आठवीतली कृतिका म्हणाली, "मॅडम, निळ्या बाईचं चित्र बघायचं राहिलंय. ते बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

मग आम्ही सगळी चित्रं गल्लीतल्या भिंतीवर चिकटवली. भाजी घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले. "बाई निळी कशी असेल?"

कृतिका म्हणाली, "काका, जरा वेळ बघा. मग तुम्हीच मला सांगा."

ते पिशवी खाली ठेवून बघत राहिले.

काल मुख्याध्यापकांनी बोलावलं. "शाळेची मुलं रस्त्यावर उभी करता? हे थांबवा, नाहीतर राजीनामा द्या."

मी म्हटलं, "यातलं काहीच करणार नाही."

नोकरी राहील की नाही, माहीत नाही. तुम्ही गावी ये म्हणाल. मी येणार नाही, बाबा. रविवारी मुलं येणार आहेत.

आईला एवढ्यात काही सांगू नका.

रागावलात तरी तुमचीच,
विनिता